७२०, १०८० की १४४०? तीन पडदे आणि एक मीटर टेप: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी: सामान आणि हिशोब

तीन फोन जमले. ‘अ’ म्हणजे ६.५ इंची एलसीडी (मागून दिवा लागणारा पडदा), ७२० × १६०० पिक्सेलचा. ‘ब’ ६.७ इंची ओएलईडी (ठिपके स्वतःच उजळणारा पडदा), १०८० × २४००. ‘क’ सुद्धा ६.७ इंची ओएलईडी, पण १४४० × ३२००. हा मैत्रिणीकडून उसना आणलाय, त्यामुळे जपून. ब आणि क चा आकार अगदी सारखा निघाला ते बरं झालं, एक भानगड आपोआप टळली.

शोधायचं एवढंच: हातात धरतो त्या अंतरावर जास्तीचे पिक्सेल डोळ्याला दिसतात का, आणि दिसत असतील तर कुणाच्या.

आधी कागदावरचा हिशोब. रुंदी आणि उंचीच्या पिक्सेलांचे वर्ग, त्यांची बेरीज, तिचं वर्गमूळ आणि भागिले कर्ण इंचांत, की झाला पीपीआय, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल. अ २७०, ब ३९३, क ५२४. म्हणजे एक पिक्सेल अनुक्रमे ०.०९४, ०.०६५ आणि ०.०४८५ मिलिमीटर.

नजर ‘६/६’ (डॉक्टरांच्या तक्त्यावरची सामान्य नजर) म्हणजे अंशाचा साठावा भाग एवढ्या बारकाव्यापर्यंत भेद कळतो. त्या हिशोबाने अ चा पिक्सेल साधारण ३२ सेंटीमीटरपलीकडे सुटा दिसायला नको, ब चा २२ पलीकडे आणि क चा १७ पलीकडे. २०१० साली आयफोन ४ चा ३२६ पीपीआयचा पडदा दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांनी १० ते १२ इंचांवरून ३०० च्या आसपास डोळ्याची हद्द संपते असं सांगितलं होतं, तेही याच गणितावर. पण ६/६ ही काही कमाल मर्यादा नव्हे. ज्यांना चष्मा नाही अशा तरुण मंडळींची नजर पुष्कळदा ६/५, ६/४ भरते. ६/४ वाल्याला हेच आकडे ४८, ३३ आणि २५ सेंटीमीटर होतात.

फोन आपण साधारण ३० ते ४० सेंटीमीटरवर धरतो. म्हणजे गणित असं म्हणतंय की अ चे पिक्सेल बहुतेकांना खुपावेत, ब चे फक्त तिखट डोळ्यांना जेमतेम दिसावेत आणि क चे कुणालाच नाही. आता मोजून बघायचं.

खर्च: शून्य. टेप घरची, पुठ्ठा जुन्या खोक्याचा, स्टँड आधीपासून होतं.

६ जानेवारी: चित्र फोनवर पोचेपर्यंतच दमछाक

चाचणीचं चित्र अगदी साधं हवं होतं: एक पिक्सेल काळी पट्टी, एक पिक्सेल पांढरी, पुन्हा काळी. संगणकावर दोन मिनिटांत तयार. मेसेजिंग ॲपवरून तिन्ही फोनांना पाठवलं आणि गॅलरीत उघडलं, तर पट्ट्यांच्या जागी लाटा. रुंद, करड्या, सरकणाऱ्या लाटा.

कारणं दोन होती, एकावर एक बसलेली. मेसेजिंग ॲपने चित्र दाबून जेपेग केलं, आणि जेपेगला असल्या पट्ट्या सहन होत नाहीत, कडा विरघळतात. त्यावर गॅलरीने चित्र पडद्यात बसवायला थोडं लहान केलं. एक-पिक्सेल पट्टी ०.९७ पट केली की जे उरतं ते पट्टी नसते, मोआरे असतो, म्हणजे त्या लाटा.

मग पीएनजी फाइल केबलने टाकली. दाबण्याचा प्रश्न सुटला, लहान होण्याचा नाही. एका फोनच्या गॅलरीत चित्र ‘मूळ आकारात’ दाखवायची सोयच नाही, दुसऱ्यात आहे पण वरची कॅमेऱ्याची खाच सोडून.

शेवटी ब्राउझर पान केलं आणि पट्ट्या कॅनव्हासवर (पानातली चित्र काढायची चौकट) काढल्या. इथेही एक खड्डा आहे. वेबपानाचा ‘पिक्सेल’ आणि पडद्याचा पिक्सेल वेगळे. ब वर हे गुणोत्तर २.६२५ आहे, म्हणजे पानात ‘एक पिक्सेल रेघ’ लिहिली की पडद्यावर दोन-अडीच पिक्सेलांची काहीतरी गिचमिड उमटते. कॅनव्हासची आतली रुंदी खऱ्या पिक्सेलांत ठेवायची, दाखवायची रुंदी त्याला या गुणोत्तराने भागून द्यायची, आणि पानाच्या कडेचं समासबिमास काही ठेवायचं नाही. एवढं केल्यावर जाळी नीट बसली.

कुणी करून बघणार असेल तर डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. स्क्रीनशॉट काढा, संगणकावर ८०० टक्के मोठा करा, आणि एकाआड एक निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा ठिपका दिसतोय का बघा. मधे एकही करडा दिसला तर चित्र कुठेतरी ताणलं गेलंय. संध्याकाळ गेली.

९ जानेवारी: १४४० चा फोन १०८० वर

वरची स्क्रीनशॉटची तपासणी क वर केली आणि थांबले. स्क्रीनशॉटची रुंदी १०८०!

फोन बिघडलेला नाही. सेटिंग्जमध्ये ‘स्क्रीन रिझोल्यूशन’ नावाचा पर्याय आहे आणि तो मधल्या खुणेवर होता. मैत्रिणीला विचारलं तर तिला असा पर्याय आहे हेच ठाऊक नव्हतं. फोन घेतल्यापासून ती १०८० च बघत होती आणि ‘काय कोरीव दिसतं’ असं सगळ्यांना सांगत होती. यात तिचं काही चुकलं नाही. बॉक्समधून बाहेर येतानाच खालच्या रिझोल्यूशनवर लावलेले फोन नवे नाहीत. २०१७ च्या गॅलक्सी एस८ चा पडदा २९६० × १४४० चा होता, पण तो हातात यायचा २२२० × १०८० वर. सोनीचं त्याहून वरताण. २०१५ चा एक्सपीरिया झेड५ प्रीमियम ५.५ इंचांत ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८०० पीपीआय, आणि त्यावर मेनू, मेसेज, ब्राउझर सगळं १०८० मध्ये काढून मग मोठं केलं जायचं. खरे चारपट पिक्सेल फक्त फोटो आणि व्हिडिओला. बनवणाऱ्यांनीच रोजच्या कामाला इतके पिक्सेल लागत नाहीत असं ठरवलं असेल, तर माझी चाचणी बरीचशी आधीच झालेली आहे असं मनात आलं.

तरी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. १४४० च्या पडद्याला १०८० वर लावणं म्हणजे १०८० चा पडदा होणं नव्हे. पडद्यावरचे ठिपके तेवढेच राहतात. प्रत्येक तीन पिक्सेल चारांवर पसरवावे लागतात, त्यामुळे कडा किंचित पुसट होतात. म्हणून ‘क ला दोन्ही सेटिंगवर बघा आणि फरक सांगा’ हा सोपा मार्ग तुलनेला चालत नाही. त्यात क स्वतःच्याच पुसटपणाशी स्पर्धा करतो. ब वेगळा लागणारच.

क १४४० वर लावला. मैत्रिणीला परत देताना पुन्हा खाली आणायचा, हे इथे लिहून ठेवते.

१२ जानेवारी: पहिली चाचणी फुकट

परीक्षक: भाचा (कॉलेजात, चष्मा नाही), मैत्रीण (सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे एका दिशेच्या रेघा जास्त पुसट दिसण्याचा; चष्मा लावून), बाबा (चाळिशी लागून बरीच वर्षं झाली) आणि मी.

पद्धत अशी: पडद्याच्या अर्ध्या भागात पट्ट्या, अर्ध्यात सपाट करडा रंग. कुठला भाग पट्ट्यांचा ते ओळखायचं. मग मागे मागे सरकायचं, जिथे ओळखता येत नाही तिथे टेपने अंतर मोजायचं.

बाबांनी चष्मा न लावता, दीड मीटरवरून, क वर बिनचूक उत्तरं दिली. दर वेळी. मी थक्क.

मग माझी ट्यूब पेटली. सपाट भागासाठी मी करड्याची किंमत १२८ घेतली होती, ० ते २५५ च्या मधोमध म्हणून. पण पडद्याचा उजेड या आकड्याच्या सरळ प्रमाणात नसतो, गामा नावाच्या वक्राने वळलेला असतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मिसळल्या की डोळ्यापर्यंत पोचणारा उजेड पांढऱ्याच्या निम्मा असतो, आणि निम्म्या उजेडाचा करडा म्हणजे १८८, १२८ नव्हे. १२८ त्यापेक्षा खूप काळपट. बाबा पट्ट्या बघतच नव्हते, ‘उजळ बाजू’ सांगत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, “अगं, मला रेघा कुठे दिसतायत? एक बाजू पांढरट आहे ती सांगतोय.”

१८८ केल्यावर दीड मीटरची नजर जागेवर आली.

दुसरी गंमत भाच्याने केली. फोन हातात देत होते, कव्हर घालून, कुठला कोणता ते न सांगता. तो क दर वेळी ओळखायचा. शेवटी स्वतःच म्हणाला, “मावशी, हा गरम लागतोय, म्हणून जास्त पिक्सेलवाला हाच असणार.” बरोबर होतं त्याचं. आजचे आकडे सगळे खोडले.

१५ जानेवारी: डागडुजी

फोन आता कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. काळ्या पुठ्ठ्याला समोरून खिडकी कापली, तिन्ही फोनांना पुरेल एवढी लहान. मागे स्टँड. परीक्षकाला फक्त खिडकीतला तुकडा दिसतो. फोनचा ब्रँड, कडा, कोपरे काहीही नाही.

करड्या रंगाशी तुलना काढून टाकली. आता पट्ट्या आडव्या किंवा उभ्या, नाणं उडवून ठरवायच्या. परीक्षकाने ‘दिसतात’ म्हणायचं नाही, ‘आडव्या’ किंवा ‘उभ्या’ म्हणायचं. ‘दिसतं का?’ असं विचारलं की माणूस हो म्हणतो, विशेषतः शेजारी भाचा आत्ताच हो म्हणून गेलेला असला की. दिशा विचारली की खोटी ऐट चालत नाही. अंदाजाने निम्मी उत्तरं बरोबर येणारच, म्हणून ज्या अंतरावर चुका सुरू होतात ते अंतर धरायचं, पहिली बरोबर आलेली उत्तरं नव्हेत.

बुद्धिबळाच्या पटासारखी जाळीही करून बघितली होती, ती बाद. ओएलईडीवर तिला रंगाची झाक येते आणि नुसत्या रंगावरून ती ओळखता येते. का, ते पुढे २७ तारखेला.

ब्राइटनेस: ऑटो बंद, रात्रीचा पिवळा मोड बंद, ‘रंग खुलवा’ छापाचं जे जे काही सेटिंग असेल ते बंद. मग पांढरं पान उघडून चौथ्या फोनचा प्रकाश-सेन्सर समोर धरला आणि तिन्ही पडदे एकाच आकड्यावर आणले. फोनच्या सेन्सरचं माप तंतोतंत नसेल, पण तिघांना एकाच फूटपट्टीने मोजायला पुरेसं आहे. हे टाळलंत तर सगळं मुसळ केरात. उजळ पडदा माणसाला ‘जास्त शार्प’ वाटतो आणि दुकानात आपण फसतो ते बऱ्याचदा इथेच.

बाबांच्या फोनवर (अ) मॅट स्क्रीनगार्ड होतं, ते सोलून काढलं. त्याच्या खरबरीत पृष्ठभागामुळे प्रत्येक पिक्सेलवर रंगीत चमचम दिसते आणि पट्ट्या मातीमोल होतात. बाबा नाराज. नवं लावून देईन असं कबूल केलं, तेवढा एक खर्च धरा.

१९ जानेवारी: शेवटी आकडे

दिवसा, खिडकीकडे पाठ करून, सगळ्यांचं एकाच जागी. आधी जवळून मागे, मग लांबून पुढे. दोन्हींत फरक पडतो. मागे जाताना माणूस आठवणीवर रेघा ‘धरून’ ठेवतो, म्हणून दोन्हींच्या मधलं अंतर लिहिलं.

भाचा: अ वर जवळजवळ अर्धा मीटर, ब वर ३४-३५ सेंटीमीटर, क वर २५-२६. कागदावरच्या ६/४ च्या ओळीला चिकटून.

मी: अ ३६, ब २५, क वर १८-१९. एवढ्या जवळ फोन कोण धरतं?

मैत्रीण: आडव्या पट्ट्या माझ्याएवढ्याच अंतरावरून, उभ्या त्याहून बऱ्याच जवळून. तिचा सिलिंड्रिकल नंबर पूर्ण उतरलेला नाही, हे फोनने सांगितलं. डोळे तपासून घे म्हटलंय.

बाबा: जवळच्या चष्म्याने ४० सेंटीमीटरवर अ च्या पट्ट्यांची दिशा सांगता येत नाही. त्याहून जवळ आणला तर चष्म्याचा फोकस सुटतो आणि सगळंच पुसट. म्हणजे त्यांच्यासाठी तिन्ही पडदे एकच. त्यांना २७० आणि ५२४ मध्ये काडीचा फरक नाही.

इतका वेळ घालवून गणितच खरं ठरलं म्हणून थोडी निराशा. पण एक गोष्ट नीट कळली. ३० ते ३५ सेंटीमीटरवर ब आणि क मधला फरक चौघांत एकालाच, आणि तोही शंभर टक्के काळ्या-पांढऱ्या, एक पिक्सेल रुंद पट्ट्यांवर. असलं चित्र माणूस फोनवर कधी बघतो? म्हणून पुढची पायरी अक्षरांची.

२३ जानेवारी: अक्षरं, आणि स्वस्त फोन जिंकला तो दिवस

वाचनासाठी अर्थ नसलेले शब्द तयार केले, म्हणजे अंदाजाने वाचता येऊ नये. मुद्दाम त्रासदायक अक्षरं घेतली: ध आणि घ, भ आणि म, ष आणि प, द्ध-द्व-द्य, ट्ठ, ऱ्हस्व-दीर्घ उकार, आणि ऱ्या, ऱ्हा यांतला र चा बारका आकडा. देवनागरी ही चाचणीला उत्तम लिपी आहे. रोमनमध्ये अक्षराच्या पोटात एवढं काही भरलेलं नसतं.

पहिल्या फेरीत अ, म्हणजे ७२० वाला, पहिला आला. चौघांच्याही वाचनात. हे होणं शक्यच नाही, म्हणून फूटपट्टी लावली. अ वरचं अक्षर सरळ सरळ मोठं होतं. अँड्रॉइड अक्षरांचा आकार पडद्याच्या खऱ्या पीपीआयवरून नाही, फोनने जाहीर केलेल्या घनतेवरून ठरवतं. अ ची खरी घनता २७०, जाहीर ३२०. त्यामुळे त्याच्यावरचं सगळं जवळजवळ १९ टक्के मोठं. ब खरा ३९३, जाहीर ४२०, म्हणून ७ टक्के मोठा. ‘दोन्ही फोनांवर फॉन्ट साइझ मध्यम ठेवली’ एवढ्यावर ज्यांनी तुलना केल्या असतील त्यांच्या तुलना या कारणाने बाद समजाव्यात.

दुसऱ्या फेरीत अक्षरं मिलिमीटरांत मोजून बसवली. अक्षराची उंची २ मिलिमीटर: अ वर २१ पिक्सेल, ब वर ३१, क वर ४१.

अ वर ३५ सेंटीमीटरवर सगळ्यांच्या चुका झाल्या, बाबांच्या सोडून. बाबांना कुठल्याच फोनवर २ मिलिमीटरचं अक्षर वाचता येईना, ते वेगळं. भाच्याला अ वर द्ध आणि द्व सारखाच दिसत होता. २१ पिक्सेलांत शिरोरेषा, खालची गाठ आणि जोडलेला ध बसवायचा म्हणजे एकेका रेघेला दीड-दोन पिक्सेल मिळतात, मधली पोकळी करड्याने भरून जाते. र चा आकडा तर नुसता डाग.

ब आणि क वर चुका सारख्याच. भाच्याच्याही. जो पोरगा पट्ट्यांवर दोन्ही फोन वेगळे सांगतो तो अक्षरांवर सांगू शकत नाही. मला वाटतं, अक्षराच्या कडा करड्या छटांनी मऊ केलेल्या असतात, त्यामुळे कड नेमकी कुठे आहे हे पिक्सेलाच्या आकाराहून बारीक कळतं. पट्टीत ती सोय नाही, एक तर काळं नाही तर पांढरं.

मग १.५ मिलिमीटरवर आलो. तिथे क वर भाच्याच्या किंचित कमी चुका. पण एवढं बारीक अक्षर वाचायची वेळ आली तर माणूस दोन बोटांनी पान मोठं करतो.

२७ जानेवारी: पाण्याचा थेंब

ओएलईडीवरच्या त्या रंगीत झाकेचा छडा. भिंग मिळेना म्हणून बोटाच्या टोकाने पाण्याचा अगदी बारका थेंब पडद्यावर ठेवला, खाली पांढरं पान. थेंब भिंगाचं काम करतो. (चार्जिंगच्या छिद्रापासून लांब, आणि उसन्या फोनवर एकदाच.)

अ वर उभ्या तीन काड्या: लाल, हिरवी, निळी, पुन्हा लाल. नेटकी रांग. ब वर वेगळाच देखावा: हिरवे बारीक ठिपके दाट, आणि त्यांच्या मधे तिरक्या चौकटीत लाल आणि निळे, हिरव्यांच्या निम्मे, पण अंगाने मोठे. हीच ती पेनटाइल मांडणी. गॅलक्सी एस४ पासून, म्हणजे २०१३ पासून, तिचं हिऱ्याच्या आकाराचं रूप रूढ झालं. निळा लवकर झिजतो म्हणून त्याचा ठिपका मोठा ठेवतात.

याचा अर्थ असा की ओएलईडीवर एका पिक्सेलाच्या वाट्याला तीन नव्हे, दोनच ठिपके येतात. ब चे २५.९२ लाख पिक्सेल म्हणजे ५१.८४ लाख ठिपके. एलसीडीसारखी मांडणी असती तर ७७.७६ लाख असते. हिरव्याची घनता पूर्ण ३९३, पण लाल-निळ्याची ३९३ भागिले वर्गमूळ २, म्हणजे २७८. क वर तीच ३७०. आणि बुद्धिबळाच्या जाळीत पेटलेले सगळे पिक्सेल एकाच जातीचे पडतात, एक तर लाल-हिरवे, नाही तर निळे-हिरवे, म्हणून झाक.

मग मुद्दाम काळ्यावर निव्वळ लाल अक्षरं लावली. इथे क खरोखर जिंकला. ब वर लाल अक्षरांच्या तिरक्या कडा दातेरी, मलाही दिसल्या, ३० सेंटीमीटरवरून. क वर सफाईदार. सगळ्या चाचण्यांत हा एकच प्रसंग, जिथे माझ्या डोळ्यांना १४४० चे पैसे दिसले. पण पीपीआयच्या आकड्यात हे कुठेच नाही. ४०० पीपीआयचा एलसीडी आणि ४०० पीपीआयचा ओएलईडी कागदावर जुळे, थेंबाखाली परके.

१ फेब्रुवारी: फोटो आणि व्हिडिओ

थोडक्यात उरकते. तोच फोटो ब आणि क वर, पुठ्ठ्याच्या खिडकीतून: कुणालाच सांगता आलं नाही. १०८० चा व्हिडिओ: क वर तो ताणलाच जातो, जास्तीचं काही नसतंच. १४४० आणि २१६० च्या फाइलींवरही चौघांचं उत्तर नाणं उडवल्यासारखं. हलत्या चित्रात तर अ सुद्धा बराच वेळ टिकला.

एक मात्र तपासा. पडदा कितीही भारी असला तरी फोनला वाइडवाइन या कॉपी-संरक्षण व्यवस्थेची ‘एल१’ पातळी नसेल तर पैसे भरून बघायच्या बऱ्याच सेवा एचडी देतच नाहीत. पीपीआयआधी हे बघावं.

५ फेब्रुवारी: बॅटरी

इथे क ची क शीच तुलना, १४४० आणि १०८० वर. पडदा, बॅटरी, ब्राइटनेस तेच, फक्त रिझोल्यूशन बदलायचं. पिक्सेल १.७८ पट होतात (४६.०८ लाख विरुद्ध २५.९२ लाख), म्हणून बॅटरीही तशीच उडेल अशी माझी समजूत.

पहिली रात्र वाया. सिस्टिम अपडेटनंतर ऑटो ब्राइटनेस पुन्हा चालू झाला होता आणि पहाटे उजेड वाढल्यावर फोनही उजळला.

दुसऱ्यांदा: लेखाचं पान आपोआप सरकवत ठेवलं. दोन्ही सेटिंगवर उरलेली बॅटरी एवढी जवळ की फरक मोजमापाच्या चुकीत लपेल. तर्क लावला तर पटतं. ओएलईडीत वीज जाते ती उजेड पाडायला, आणि ठिपके दोन्ही सेटिंगवर तेवढेच पेटतात. वाचतं ते फक्त चित्र काढण्याचं काम, आणि सरकत्या पानात ते काम मुळात थोडं.

मग गेम. तिथेही आधी काहीच फरक नाही. शोधल्यावर कळलं, गेम फोनचं सेटिंग बघतच नव्हता, आतल्या आत कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून मोठं करत होता. बरेच जड गेम हेच करतात. गेमच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये सगळ्यात वरचा दर्जा निवडला तेव्हा कुठे १४४० वर फोन तापला, चित्र अडखळलं आणि बॅटरी ठळकपणे लवकर उतरली.

याच जागी खरी निवड करावी लागते. २०२० च्या गॅलक्सी एस२० ला १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं होणं) होतं, पण फक्त १०८० वर. १४४० निवडलं की ६०. पुढच्या वर्षी साध्या एस२१ चा पडदाच १०८० चा आला आणि १४४० फक्त अल्ट्रात उरला. भाच्याला दोन्ही दाखवलं: ६० हर्ट्झला १४४० आणि १२० ला १०८०. पुठ्ठ्याच्या खिडकीतून, पान सरकवत. त्याने क्षणात १२० उचललं. मी पण. बाबांनीही! पट्ट्यांवर ज्यांना काही दिसत नव्हतं त्यांना सरकण्यातला फरक दिसला.

८ फेब्रुवारी: खोक्यात फोन

पुठ्ठ्याचं व्हीआर खोकं (फोन आत घालून भिंगांतून आभासी जग बघायचं) कपाटात पडून होतं, ते काढलं. भिंगातून बघितलं की सगळा हिशोब उलटा होतो. पडदा डोळ्यासमोर ९० अंशांभर पसरतो. क च्या ३२०० पैकी एका डोळ्याला १६००, म्हणजे अंशाला १८ च्या आत. ब वर १३. ६/६ च्या नजरेला अंशाला ६० हवेत. ब, क सोडा, एका डोळ्याला ५४०० पिक्सेल देईल असा पडदा लागेल. इथे चौघांनाही, बाबांना धरून, ब आणि क मधला फरक पहिल्या नजरेत दिसला, आणि दोन्हींवर पिक्सेलांची जाळीही.

१४४० आणि त्यावरच्या पडद्यांना एके काळी खरं कारण होतं ते हे. २०१४ मध्ये नोट ४ बरोबर गिअर व्हीआर (सॅमसंगचं असलंच खोकं) आला, २०१६ मध्ये गूगलचा डेड्रीम. डेड्रीम २०१९ मध्ये गुंडाळला, गिअर व्हीआरही त्यानंतर लवकरच मिटला. फोन खोक्यात घालून बघणारं आता कुणी राहिलं नाही, आणि त्या कामासाठी वेगळे हेडसेट आले. पिक्सेलांची चढाओढ मधल्या काळात तशीच चालू राहिली.

११ फेब्रुवारी: आवराआवर

क पुन्हा १०८० वर लावून मैत्रिणीला दिला. तिला विचारलं होतं, १४४० ठेवू का? म्हणाली, “तू सांगेपर्यंत मला काही खुपत नव्हतं, आहे तसा दे.” डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय तिने.

बाबांच्या फोनला नवं स्क्रीनगार्ड लावलं, या वेळी गुळगुळीत. फॉन्ट दोन पायऱ्या मोठा केला, त्याचा त्यांना सगळ्या पडद्यांहून जास्त उपयोग झाला.

भाचा नवा फोन घेतोय, तो १०८० च्या मॉडेलवर आलाय, ओएलईडी आणि १२० हर्ट्झ बघून. वाचलेल्या पैशात स्टोरेज वाढवून घेणार आहे.

राहिलेलं एक काम: ४०० पीपीआयच्या आसपासचा एलसीडी हातात आला तर लाल अक्षरांची चाचणी ब शेजारी ठेवून करायची आहे. माझ्या ओळखीत तसा फोन कुणाकडे निघाला नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी सपाट भागाला १८८ घ्या, अक्षरं मिलिमीटरांत मोजा, आणि सुरुवातीलाच स्क्रीनशॉटची रुंदी बघून घ्या.